पाणलोट क्षेत्राचे क्षेत्रफळ जुळत नाही : डीईएम तयार करताना कोठे चुकले?

प्रश्न (नवी_जलरेषा)

नमस्कार. एका नदीखोऱ्याचे स्वॅट मॉडेल (खोऱ्यातील पाणी आणि मातीची धूप यांचे गणित करणारे संगणकीय मॉडेल) उभारण्यासाठी मी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये माहिती तयार करत आहे आणि पहिल्याच टप्प्यावर अडले आहे. कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचे 30 मीटरचे डीईएम (जमिनीच्या उंचीचा अंकीय नकाशा, ज्यातील प्रत्येक चौकट म्हणजे एक सेल) उतरवून घेतल्यावर मी ते मला मिळालेल्या खोऱ्याच्या सीमेने कापले, सागा या सॉफ्टवेअरमधील वँग-लिऊ पद्धतीने त्यातील खड्डे भरले, प्रवाहदिशा आणि प्रवाहसंचय (प्रत्येक सेलमध्ये वरच्या किती सेलचे पाणी येते) काढला आणि प्रवाहमापन केंद्राच्या अक्षांश-रेखांशावर निर्गमबिंदू (जेथून पाणी क्षेत्राबाहेर पडते तो बिंदू) ठेवून पाणलोट क्षेत्र आखले. केंद्राच्या नोंदीत वरच्या बाजूचे क्षेत्रफळ 312 चौरस किलोमीटर आहे. माझ्याकडे निघालेले क्षेत्र मात्र अवघ्या सात सेलचे आहे. उताराचा नकाशा त्याहून विचित्र आहे, कारण जवळजवळ प्रत्येक सेलचा उतार 89 अंशांच्या वर दिसतो. खोऱ्याच्या मध्यावर एक जलाशय आहे आणि तेथे प्रवाहरेषा वहीतल्या ओळींसारख्या समांतर धावतात. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (समोच्च)

आपल्या वर्णनात एक नव्हे, तीन वेगवेगळ्या चुका आहेत, म्हणून त्या सुट्या करून पाहू.

उताराचे कारण सर्वांत सोपे आहे. उतरवलेले डीईएम अक्षांश-रेखांशात असते, म्हणजे सेलची रुंदी सुमारे 0.000278 अंश आणि उंची मात्र मीटरमध्ये. एक मीटरचा चढ या रुंदीने भागला की भागाकार 3600 येतो आणि त्याचा कोन 89.98 अंश होतो. सॉफ्टवेअरने गणित बरोबरच केले आहे, एकके आपण जुळवली नाहीत. खोरे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ज्या पट्ट्यात येते त्यात डीईएम आधी रूपांतरित करावे आणि मगच बाकीची कामे हाती घ्यावीत. रूपांतर करताना बायलिनियर पद्धत (शेजारच्या सेलची भारित सरासरी घेणारी) निवडावी. नियरेस्ट नेबर (सर्वांत जवळच्या सेलचे मूल्य तसेच उचलणारी पद्धत) ठेवल्यास काही ओळी दोनदा येतात, उंचीत बारीक पायऱ्या पडतात आणि उताराच्या नकाशावर जाळीसारखे पट्टे उमटतात.

सात सेलचे क्षेत्र निघते ते निर्गमबिंदू प्रवाहावर नसल्यामुळे. प्रवाहमापन केंद्र काठावर असते आणि डीईएममधील नदी एका सेलच्या रुंदीची रेघ असते; बिंदू एक सेल जरी बाजूला पडला तरी केवळ काठाच्या उतारावरचे पाणी त्याच्या वाट्याला येते. प्रवाहसंचयाचा थर उघडून बिंदू जवळच्या सर्वाधिक संचयाच्या सेलवर सरकवावा. मात्र केंद्र संगमाजवळ असेल तर हे काम स्वयंचलित साधनावर सोडू नये, कारण ते साधन उपनदीवरचा बिंदू बिनदिक्कत मुख्य नदीवर नेऊन ठेवते.

तिसरी चूक माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ती नकाशावर डोळ्यांना दिसत नाही. पाणलोटाची सीमा हे या साऱ्या गणिताचे उत्तर आहे. आपण ते आधीच गृहीत धरून डीईएम कापले. मिळालेली सीमा वेगळ्या प्रमाणावरच्या नकाशावरून आखलेली असल्यास ती जलविभाजकाच्या (दोन खोऱ्यांचे पाणी वेगळे करणाऱ्या माथ्याच्या रेषेच्या) आत शिरते आणि तेथील पाणी मॉडेलमध्ये येतच नाही. सीमेबाहेर सर्व बाजूंनी काही किलोमीटरचा पट्टा ठेवून कापावे आणि अंतिम कापणी पाणलोट निघाल्यावरच करावी. ग्रास या सॉफ्टवेअरमधील आर.वॉटरशेड हे साधन वापरल्यास एक सोय आहे: ज्या सेलमध्ये नकाशाबाहेरून पाणी येण्याची शक्यता असते तेथे ते संचयाचे मूल्य ऋण दाखवते. आपल्या निर्गमबिंदूवर ऋण संख्या दिसली की कात्री आत चालली असे समजावे.

उत्तर (खळगा_भरणी)

वरील उत्तराशी सहमत आहे. मी फक्त जलाशयाबद्दल लिहितो.

कोपर्निकसच्या डीईएममध्ये जलाशयांचे पृष्ठभाग सपाट केलेले असतात. आठ दिशांच्या पद्धतीत, जी 1984 पासून रूढ आहे, पाणी शेजारच्या आठ सेलपैकी सर्वाधिक उताराच्या एकाच सेलकडे जाते. सपाट जागेवर निवड करायला उतारच नसतो, त्यामुळे कृत्रिम नियमाने सर्व सेल एकाच दिशेला वळतात आणि समांतर रेघा तयार होतात. वँग-लिऊ साधनात किमान उतार देता येतो, पण तो जपून द्यावा: 0.1 अंश हा आकडा क्षुल्लक वाटतो, तरी तीन किलोमीटर लांबीच्या जलाशयावर तो दुसऱ्या टोकाला पाच मीटरहून अधिक भराव घालतो.

नदीची खात्रीशीर रेषा उपलब्ध असल्यास ती डीईएममध्ये काही मीटर खोल कोरणे मी अधिक पसंत करतो. कोरलेले डीईएम केवळ प्रवाहदिशेसाठी वापरावे, उतार मात्र मूळ डीईएमवरूनच काढावा; अन्यथा नदीच्या दोन्ही काठांवर कडे उभे राहतात आणि मॉडेल त्यांवरून धूप मोजू लागते. उंच भरावावरचा रस्ता नदी ओलांडतो तेथेही असेच करावे, कारण पुलाखालची वाट डीईएमला ठाऊक नसते आणि खड्डे भरणारे साधन भरावाच्या मागे एक खोटे तळे बांधून मोकळे होते.

क्यूस्वॅट (क्यूजीआयएसमधून स्वॅट चालवणारी जोडणी) वापरणार असाल तर खड्डे आधी भरूच नका. ते टॉडेम या डीईएमवर काम करणाऱ्या साधनसंचाकडून हे काम स्वतः करून घेते.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर (नवी_जलरेषा)

दोघांचेही आभार. बिंदू प्रवाहावर सरकवताच क्षेत्र 268 चौरस किलोमीटर झाले आणि बाहेर पाच किलोमीटरचा पट्टा ठेवून पुन्हा चालवल्यावर 309 झाले. उतारही आता विश्वसनीय दिसतो. एक नवीन शंका मात्र आहे. ईएसए या युरोपीय अवकाश संस्थेचा वर्ल्डकव्हर हा 10 मीटरचा भूवापर नकाशा मी 30 मीटरवर आणला, तर जंगल आणि वस्ती यांच्या मधोमध सर्वत्र गवताळ जमिनीचा अरुंद पट्टा आला आहे, जो उपग्रहचित्रात कोठेही नाही.

उत्तर (समोच्च)

डीईएमसाठी सांगितलेली बायलिनियर पद्धत आपण भूवापरालाही लावलेली दिसते. हे मी आधीच स्पष्ट करायला हवे होते. वर्ल्डकव्हरमध्ये वृक्षाच्छादन 10, बांधकाम 50 आणि गवताळ जमीन 30 या संकेतांकाने दाखवतात. 10 आणि 50 यांची सरासरी 30 येते, म्हणून जंगल आणि वस्तीच्या मध्ये गवत उगवले. शेत 40 आणि पाणी 80 असल्याने जलाशयाच्या काठावरच्या शेतांजवळ 60, म्हणजे उजाड जमीनही सापडेल, पाहून घ्यावे. हे आकडे मापे नसून नावे आहेत, त्यांची सरासरी काढता येत नाही. बारीक सेलवरून मोठ्या सेलवर येताना मोड पद्धत निवडावी, म्हणजे नव्या सेलमध्ये ज्या वर्गाचे क्षेत्र जास्त तो वर्ग राहील. मृदेच्या थरात मोठ्या सेलवरून लहान सेलवर जावे लागत असेल तर नियरेस्ट नेबर पुरेसे आहे.

309 आणि 312 मधील फरक एका टक्क्याच्या आसपास आहे. तो मिटवण्यासाठी निर्गमबिंदू खाली ओढू नये. जलविभाजक जेथे सपाट माथ्यावरून जातो तेवढाच भाग उपग्रहचित्रावर ठेवून तपासावा.