रोज क्वार्टर, सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर: एकदम बंद करावी का?

लालबागची_लेक
भावाचा (वय ४१) चेकअपचा रिपोर्ट: ग्रेड २ फॅटी लिव्हर, लिव्हरची एन्झाइम्स एसजीओटी ८४, एसजीपीटी ४१, जीजीटी २१०, प्लेटलेट्स २.१ लाख. बिलिरुबिन, शुगर नॉर्मल, वजन बेताचं. पाचेक वर्षं रोज रात्री व्हिस्कीची क्वार्टर. सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतात. त्याचं म्हणणं, "ग्रेड २ सगळ्यांनाच असतं. उद्यापासून बिअरवर येतो आणि लिव्हरचं सिरप घेतो." एकदम सोडावी की हळूहळू? सिरपने फरक पडतो का? पुढची टेस्ट कोणती?

कडूकिराईत
ताई, लिव्हर नंतर, आधी तो चहाचा कप. रात्रीची उतरली की हात कापायला लागतात, म्हणजे शरीराला सवय लागलीय. अशा माणसाने घरच्या घरी एका झटक्यात बंद करायची नाही. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत. आणि भ्रम, भिंतीवर किडे दिसणं, आपण कुठे आहोत ते न कळणं हे साधारण तिसऱ्या दिवशी. घरचे "दोन दिवस निघाले, सुटला" म्हणून निर्धास्त होतात आणि नेमकं तेव्हाच बिघडतं.

केईएम, सायन, नायर, कुठेही मानसोपचार ओपीडीत न्या. गरज वाटली तर ५-७ दिवस उतरत्या डोसच्या गोळ्या देतात. त्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका. त्या गोळ्यांवर दारू घेतली तर श्वास मंदावतो. आणखी एक: गल्लीतल्या दवाखान्यात "अशक्तपणा" म्हणून आधी ग्लुकोजची बाटली चढवतात. दारूचं सांगितलं नाही तर थायमिन (जीवनसत्त्व बी१) द्यायचं राहून जातं, आणि थायमिनशिवाय ग्लुकोज मेंदूला महागात पडू शकतं. फिट आली किंवा बरळायला लागला तर ओपीडीची वाट बघायची नाही, थेट १०८.

लॅबच्या_खिडकीतून
बिअरचा हिशोब भावालाच करायला लावा. मिली × टक्के × ०.७९ (अल्कोहोलची घनता). क्वार्टर १८० मिली, ४२.८ टक्के: ६१ ग्रॅम अल्कोहोल. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली, ८ टक्के: ४१ ग्रॅम. दोन बाटल्या झाल्या की ८२, म्हणजे क्वार्टर परवडली!

आठवड्याचे ४२७ ग्रॅम होतात. फॅटी लिव्हरच्या २०२३च्या नव्या वर्गीकरणात पुरुषांसाठी ४२०च्या वर गेलं की आजार सरळ दारूच्या खात्यात. रिपोर्टही तेच बोलतोय. वजन-शुगरच्या फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला सहसा एसजीपीटी जास्त असतं; इथे एसजीओटी त्याच्या दुप्पट आहे. पिणाऱ्यांत बी६ जीवनसत्त्व कमी पडतं आणि त्याचा फटका एसजीपीटीला जास्त बसतो, म्हणून ४१ बघून "एक तरी नॉर्मल आलं" असं समजू नका.

आता ग्रेड. सोनोग्राफीत लिव्हर किडनीपेक्षा किती चकाकतं त्यावरून तो ठरतो. त्यातून चरबीचा अंदाज येतो. व्रण किती पडलेत ते कळत नाही, आणि पुढे सिऱ्होसिस होतो तो व्रणांमुळे. व्रणांचा अंदाज देणारा हिशोब (फिब-४) कागदावर करा: (वय × एसजीओटी) ÷ (हजारांतल्या प्लेटलेट्स × एसजीपीटीचं वर्गमूळ) = ३४४४ ÷ (२१० × ६.४) = सुमारे २.५६. १.३च्या खाली निर्धास्त, २.६७च्या वर काळजी. हा मधला, म्हणून फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) हवा. पण पिणं चालू असताना किंवा लिव्हर सुजलेलं असताना त्याचा आकडा फुगतो. बंद करून किमान दोन आठवडे जाऊ द्या, तपासणीआधी ३ तास पोट रिकामं. ८ किलोपास्कलच्या खाली आलं तर गंभीर व्रण बहुधा नाहीत.

चकणा_विरोधक
सिरपने चरबी जाते असा भक्कम पुरावा नाही. नुसती चरबी असेल तर पूर्ण बंद केल्यावर बहुतेकदा २ ते ६ आठवड्यांत उतरते. श्रेय मात्र सिरप घेऊन जातं.

डाळीत गुपचूप मिसळायची "दारू सोडवणारी गोळी" कोणी सुचवली तर हात जोडा. त्यातलं डायसल्फिरम पोटात असताना पेग गेला तर बीपी कोसळू शकतं, शिवाय ती लिव्हरलाच बाधू शकते. डोकेदुखीला पॅरासिटामॉल दिवसात २ ग्रॅमच्या वर नको. शेंगदाणे-चिवड्यावर जेवण उरकायची सवय असेल तर ती मोडा: किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९०. अंडी, मासे, उसळ, दही. हेपटायटिस बी आणि सीची तपासणी एकदा करून घ्या.

लालबागची_लेक
सोमवारी नेते. सोबत काय न्यायचं?

कडूकिराईत
सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचा पेग किती वाजता घेतला ते. आणि तोपर्यंत बंद करायला लावू नका, कमीही एकदम नको. किती पितो हे विचारल्यावर तो "कधीतरी" म्हणेल. तुम्ही मध्येच "रोज क्वार्टर" असं सांगा.