घरी बीअर करतो, पण सॅन डिएगोच्या क्राफ्ट बीअरवाल्यांत शिरायचं कसं?

धायरीकर

नमस्कार मंडळी. मूळचा धायरीचा, सध्या सॅन डिएगो, मीरा मेसा. गॅरेजमध्ये 5 गॅलनच्या बॅचेस लावतो, ऑल ग्रेन, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भरडण्यापासून मॅश (ते गरम पाण्यात भिजवणं), उकळणं, थंड करणं सगळं स्वतः. पेल एल आणि स्टाउट आता बऱ्यापैकी जमतात, गेल्या उन्हाळ्यात आईने पाठवलेली आमसुलं घालून गोझे (आंबट-खारट जर्मन बीअर) केली ती तर मित्रांनी एका संध्याकाळी संपवली.

प्रश्न असा की पिणारे सगळे आपलेच लोक. ते "भारी झालीये रे" म्हणतात आणि ग्लास पुढे करतात, त्यातून बीअर नेमकी कुठे कमी पडते ते काही कळत नाही. इथे आजूबाजूला एवढ्या ब्रुअरीज आहेत, टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीच्याच बारमध्ये, जाऊन बसतो, मागे ब्रुअर टाक्या धुताना दिसतो, खूप विचारायचं असतं पण तो कामात असतो, मग एक पाइंट पिऊन घरी. क्लब आहेत असं ऐकलंय, पण तिथे सगळे वर्षानुवर्षांचे दोस्त असणार, आपण एकटे देशी जाऊन काय बोलणार असं होतं. शिवाय घरची बाटली बाहेर नेलेली कायद्याने चालते का? आणि कोकम घातलेली बीअर स्पर्धेत दिली तर परीक्षकांना काय कळणार? कुणाला अनुभव असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

मिरामारवाला

धायरीकर, तुम्ही ज्या गावात राहताय तिथे हा प्रश्न पडावा याचं वाईट वाटलं, कारण या गावची सगळी क्राफ्ट बीअर होमब्रूवाल्यांनीच उभी केलीये. बॅलास्ट पॉइंट ब्रुअरीचंच बघा. जॅक व्हाइटने 1992 ला होम ब्रू मार्ट नावाचं दुकान काढलं, माल्ट, हॉप्स (बीअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं), बुचं, नळ्या विकायचं, आणि 1996 मध्ये त्याच दुकानाच्या मागच्या बाजूला ब्रुअरी सुरू झाली. पुढे 2015 ला कॉन्स्टेलेशन या बड्या मद्य कंपनीने ती साधारण 1 अब्ज डॉलरला घेतली ती गोष्ट वेगळी, पण सुरुवात दुकानात सामान घ्यायला येणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्यांमधून झाली. एलस्मिथ ही इथली ब्रुअरी 2002 मध्ये ज्याने विकत घेतली तो पीटर झीन, तो पण होमब्रूवाला, इथल्या क्वाफ या होमब्रू क्लबचा मेंबर आणि वर बीजेसीपीचा (बीअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था) वरच्या दर्जाचा परीक्षक. त्यामुळे इथल्या ब्रुअरला "मी घरी करतो" असं सांगितलंत की तो तुम्हाला गिऱ्हाईक समजत नाही, आपल्यातला समजतो. फक्त शुक्रवारी संध्याकाळी नको, मंगळवार-बुधवारी दुपारी जा, आणि "मला ब्रूइंग शिकवा" असं मोघम विचारण्यापेक्षा "तुमच्या या आयपीएला ड्राय हॉपिंग (उकळून झाल्यावर नंतर हॉप्स घालणं) किती तापमानाला करता" असं एकच नेमकं विचारा, माणूस हातातला पाइप बाजूला ठेवून बोलायला लागतो.

कायद्याचं सांगतो. राष्ट्राध्यक्ष कार्टरने ऑक्टोबर 1978 मध्ये सही केली आणि फेब्रुवारी 1979 पासून अमेरिकेत घरी बीअर बनवणं फेडरल कायद्याने मोकळं झालं. एकट्या सज्ञान माणसाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन किंवा जास्त सज्ञान असतील तर 200, कर नाही. विकायची मात्र अजिबात नाही, "सामानाचे पैसे दे फक्त" असंही नाही. कॅलिफोर्नियात मित्राकडे, क्लबात, स्पर्धेला नेलेली चालते. ब्रुअरीत मात्र बाटली उघडायच्या आधी विचारायचं, त्यांच्या लायसन्सचा प्रश्न असतो.

आता क्लब. क्वाफमध्ये जा, बिनधास्त जा. पूर्ण नाव क्वालिटी एल अँड फर्मेंटेशन फ्रॅटर्निटी, देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या क्लबांपैकी एक आहे. पहिल्या मीटिंगला दोन-तीन बाटल्या न्या, त्यात तुम्हाला स्वतःला शंका आहे ती बाटली नक्की न्या, कारण चांगल्या बीअरवर लोक छान म्हणून पुढे जातात पण शंकेच्या बाटलीभोवती घोळका जमतो. कुणीतरी नाक खुपसून म्हणेल की पॉपकॉर्नवरच्या बटरसारखा वास येतोय, डायअ‍ॅसिटिल आहे, यीस्टला शेवटी दोन दिवस जरा उबेला ठेव म्हणजे ते स्वतःच साफ करतं. दुसरा म्हणेल ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतंय, बाटलीत भरताना हवा लागली. हिरव्या सफरचंदासारखं लागलं तर घाईने काढलीस. हे एकदा दुसऱ्याने बोट ठेवून दाखवलं ना की पुढे जन्मभर ओळखू येतं, पुस्तक वाचून येत नाही.

आणि देशी एकटे असाल हे डोक्यातून काढा. तिथे कोण कुठला यापेक्षा मॅश किती तापमानाला केलास यावर जास्त चर्चा होते.

तांबडी_एल

मिरामारवाला यांनी मस्त लिहिलंय, त्यात माझी एक भर. धायरीकर, स्पर्धेत बीअर द्यायच्या आधी एकदा स्पर्धेला स्टुअर्ड म्हणून जा. मी अशीच सुरुवात केली. काम म्हणजे परीक्षकांच्या टेबलावर बाटल्या क्रमाने नेऊन देणं, ग्लास, पाणी, बिस्किटं, गुणांचे कागद गोळा करणं. पण तुम्ही तिथेच उभे असता, एकाच प्रकारच्या दहा-बारा बीअर्सवर दोन जाणकार काय बोलतायत ते कानावर पडत असतं आणि बहुतेक वेळा उरलेला घोट ते तुम्हाला चाखायला देतात.

गुण 50 पैकी असतात. वास 12, दिसणं 3, चव 20, तोंडात कशी लागते त्याचे 5, एकूण मत 10. दिसण्याला फक्त 3 हे बघून मला फार बरं वाटलं होतं कारण घरी आपण रंगावर आणि फेसावर उगाच जीव टाकतो. आणि नुसते आकडे नसतात, प्रत्येक रकान्यात चार ओळी लिहिलेल्या असतात, त्या ओळींसाठी स्पर्धा. तुम्हाला मित्रांकडून मिळत नाही म्हणताय ते हेच, आणि लिहिणाऱ्याला तुमचं नावसुद्धा माहीत नसतं.

पुढे वाटलं तर बीजेसीपीची परीक्षा द्या. आधी ऑनलाइन पात्रता, मग चाखण्याची, त्यात 6 बीअर दीड तासात तपासून कागद भरायचे असतात. अभ्यासाला क्लबात ग्रुप असतात आणि आठवड्याला एकत्र बसून चाखलं की ओळखी आपोआप होतात, ओळख करून घ्यायला वेगळं काही करावंच लागत नाही.

नाशिकचा_पंक्या

हे सगळं वाचून हात शिवशिवायला लागलेत. इकडे नाशकात घरी करता येईल का? यूट्यूबवर तर सगळे करतात.

पुण्याची_ब्रुअर

पंक्या, नको रे. मी पुण्यात एका ब्रूपबमध्ये (जिथे बीअर तिथेच बनवून देतात असा पब) ब्रुअर आहे, हा प्रश्न टॅपवर दर आठवड्याला येतो. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा, त्यात घरगुती बीअरला सूट नाही. अमेरिकेत 78 साली झालं ते आपल्याकडे झालेलंच नाही, आणि माझ्या मते इथल्या बीअरचं सगळ्यात मोठं नुकसान त्याने होतंय. तिकडे नवा ब्रुअर गॅरेजमधून हात बसवून येतो. इथे मुलगा डायरेक्ट 1000 लिटरच्या टाकीसमोर उभा राहतो, मग मालक त्याला प्रयोग करू देत नाही, का देईल, टाकी गेली तर लाखाचा फटका. म्हणून कुठेही जा, मेन्यूवर गव्हाची बीअर, एक आयपीए, एक स्टाउट, एक सायडर.

तरी पुण्याला नशीबवान म्हणायचं. देशातल्या सुरुवातीच्या ब्रूपबांपैकी एक, डूलालीचा, 2009 ला इथेच सुरू झाला, आणि मधापासून मीड करणारी मूनशाइन पण पुण्याचीच. तुला खरंच यात यायचं असेल तर नाशकाहून एखाद्या सकाळी ये, ब्रूच्या दिवशी माझ्याकडे उभा राहा, मॅश टनमधला (माल्ट भिजवायची टाकी) गरम चोथा उपसायला लाव हात. तो उपसून झाल्यावरही इथेच काम करावंसं वाटलं तर पुढचं बोलू. आणि तोवर चव शिक, त्याला परवाना लागत नाही. माल्टचे दाणे चाव, हॉप्स तळव्यावर चोळून हुंग, आंबवण्याची सवय करायची तर कोंबुचा (आंबवलेला चहा) लाव.

गणित_बघा

धायरीकर, एक सावधगिरी. क्लबात गेलात की दोन वर्षांत कुणीतरी म्हणणारच की तुझी बीअर विकण्यासारखी आहे, आपण नॅनो ब्रुअरी, म्हणजे अगदी छोटी ब्रुअरी, काढू. तेव्हा थांबा. 2022 मध्ये स्टोनसारखी सॅन डिएगोची मोठी ब्रुअरी जपानच्या सापोरोने घेतली, त्याच वर्षी इथलीच मॉडर्न टाइम्स ब्रुअरीही विकली गेली, आणि टॅपरूम बंद होण्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. गॅरेजमध्ये तुम्ही हवं ते करू शकता, पण भाडं चढलं की आठवड्याचे सात दिवस सध्या खपणारी गढूळ हेझी आयपीएच करावी लागते. मला विचाराल तर होमब्रूवाला म्हणूनच रहा आणि बीअर ब्रुअरीच्या टाकीत बघायची हौस असेल तर प्रो-अ‍ॅम प्रकार असतो, जिंकलेली घरची रेसिपी ब्रुअरी आपल्या सिस्टिमवर करते, तुम्ही दिवसभर सोबत. मी एकदा उभा होतो तसा, आपला हॉप्सचा हिशोब ग्रॅमवरून किलोवर जाताना बघणं हा आनंद पैशात मोजता येत नाही.

धायरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या मीटिंगला जातोय, स्टाउट आणि गोझे दोन्ही नेतो, स्टुअर्डसाठी पण नाव देतो. पुण्याची_ब्रुअर ताई, डिसेंबरात येतोय तेव्हा चोथा उपसायला मी पण. कोकमाचं मात्र राहिलं, गोझेला फेस टिकत नाही आणि खारटपणा दर बॅचला वेगळा लागतो, कशामुळे?

पुण्याची_ब्रुअर

या की, बूट मात्र रबरी आणा.

खारटपणा आमसुलांतूनच येतो. आपली घरगुती आमसुलं मीठ लावून वाळवलेली असतात, प्रत्येक घराचं मीठ वेगळं. आईंना सांगा बिनमिठाची वाळवलेली सालं पाठवा, आणि मीठ तुम्ही वजन करून उकळताना घाला, 5 गॅलनला 15 ग्रॅमपासून सुरू करा. आगळ चुकूनही नको, त्यात मीठ प्रचंड. फेसाचं म्हणाल तर सालांना चिकटून बी राहिलीये का बघा. त्याच बियांचं भिरंडेल काढतात, थोडा जरी स्निग्धपणा बीअरमध्ये उतरला की फेस बसतो. आंबटपणा पण आधीच कमी धरा, लॅक्टो (आंबटपणा आणणारे जिवाणू) पीएच 3.5 च्या आसपास थांबवा कारण उरलेलं काम कोकम करतं. सालं फर्मेंटेशन उतरल्यावर घाला, रोज थोडी चाखा आणि रंग नाही, चव बघून काढा.

तांबडी_एल

आणि स्पर्धेत ती नुसत्या गोझेत देऊ नका, बीजेसीपीच्या 2021 च्या गाइडलाइनमध्ये फळांच्या बीअरचा 29 नंबरचा गट आहे तिथे द्या. फॉर्मवर मूळ स्टाइल गोझे लिहा आणि कोकमाची चव दोन ओळींत नीट सांगा, आंबट, किंचित तुरट, गडद लाल. परीक्षकाला फळ माहीत नसलं तरी चालतं, काय शोधायचं ते माहीत हवं. मीटिंगला गोझे थंड बॉक्समधून न्या, मीरा मेसाच्या उन्हात गाडीत ठेवू नका.