दाढेला कॅप बसवून आणली आणि लेकीने बधिर ओठ चावून घेतला, आता पांढरं दिसतंय

कृष्णाकाठ (शनिवारी रात्री)

लेक साडेपाच वर्षांची, वजन 17 किलो. काल सकाळी 11 वाजता खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल झालं आणि वर स्टीलची कॅप बसवली. दवाखान्यात पोरगी इतकी शहाण्यासारखी बसली की मलाच रडू आलं. निघताना डॉक्टर म्हणाले होते, "ओठ चावू देऊ नका." मी मान हलवली, पण खरं सांगायचं तर ते नीट कानात शिरलंच नाही. माझं सगळं लक्ष दाढेकडे होतं.

घरी आल्यापासून ती सारखी म्हणत होती, "आई, माझा ओठ मोठ्ठा झालाय." आरशात बघायची, बोटाने ओढायची. मी तिला टीव्हीसमोर बसवून मऊ भात लावायला आत गेले. वीस मिनिटं झाली असतील. बाहेर येऊन बघते तर खालचा ओठ डाव्या बाजूने आतून चघळून लाल केलेला, आणि हिला काहीच दुखत नव्हतं! संध्याकाळपर्यंत ओठ जांभळासारखा टपोरा झाला. आज सकाळी आतल्या बाजूला रुपयाएवढा पांढरट-पिवळा डाग आहे.

सासूबाई म्हणतात पू झालाय, तुरटी लाव. नवरा म्हणतो उरलेलं अँटिबायोटिक सुरू करू. दवाखाना आता सोमवारीच उघडेल. ताप नाही, पाणी पिते, पण जेवायला तोंड उघडत नाही. हा पू आहे का? शिवाय कॅप बसवलेल्या बाजूला दात टेकतो आणि दुसरीकडे फट राहते, ते बरोबर आहे का?

डोंबिवलीची मावशी

ताई, आधी शांत व्हा. माझ्या मुलाचं दोन वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं. दाढ काढली होती, आणि रिक्षातून घरी येईपर्यंतच त्याने ओठ कुरतडला. दुसऱ्या दिवशी ओठ बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, पोरगा पडला का? आठ-नऊ दिवसांत पूर्ण बरं झालं, खूणही राहिली नाही. मी बाहेरून साधी व्हॅसलीन लावायचे आणि रोज सकाळी एकाच खिडकीशी उभा करून फोटो काढायचे. फोटो शेजारी-शेजारी ठेवले की कमी होतंय का वाढतंय ते कळतं, नाहीतर आपल्याला प्रत्येक वेळी वाढल्यासारखंच वाटतं.

खायला गार दहीभात, नाचणीची पेज, केळं कुस्करून. लोणचं, टोमॅटोचं सार, संत्रं दिलंत तर झोंबेल आणि मग दोन दिवस घास घेणार नाही, हा माझा अनुभव.

मुलांची दंतवैद्य

वर्णनावरून हा पू वाटत नाही. गुडघा खरचटला की वर खपली धरते ना, तीच ही खपली. तोंडात सतत ओल असल्याने ती वाळून तपकिरी होत नाही, पांढरी-पिवळी आणि मऊ राहते. ती खरवडू नका, कापसाने पुसून काढायला जाऊ नका. तुरटी, हळद, लवंगेचं तेल यातलं काही नको. लवंगेच्या तेलाने उघडी जखम भाजते. उरलेलं अँटिबायोटिकही नको, ही चावल्याची जखम आहे.

खालच्या दाढेसाठी इंजेक्शन जबड्यात मागे देतात, त्यामुळे त्या बाजूचा अर्धा ओठ आणि बऱ्याचदा जीभही बधिर होते. ओठ साधारण 3 ते 4 तास तसाच राहतो. मुलाला दुखत नाही, फक्त काहीतरी वेगळं लागतंय एवढं कळतं, म्हणून ते चावून बघतं.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीला साधारण 250 मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान 6 तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. बाटलीवरचा आकडा वाचा. 5 मिलिलीटरमध्ये 120 वालं आणि 250 वालं, दोन्ही सिरपं दुकानात शेजारी असतात आणि चमचा तेवढाच भरला तर औषध दुप्पट जातं. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नको.

कॅप पहिले काही दिवस उंच लागते, हळूहळू बसते. पंधरा दिवसांनीही चावताना फट राहिली तर दाखवा. हिरडी दुखली, थोडं रक्त आलं तरी तिथे मऊ ब्रश फिरवाच, अन्न अडकलं तर हिरडी जास्त सुजते. चिक्की, तिळाची वडी, चिकट गोळ्या मात्र बंद, त्या कॅप उपटून काढतात. ही दाढ 10 ते 12 व्या वर्षी कॅपसकट पडेल.

ताप आला, सूज ओठावरून गालाकडे किंवा जबड्याखाली गेली, तिसऱ्या दिवसानंतरही वाढत राहिली, तोंड उघडताच येईना किंवा पाणी पिईना, तर सोमवारची वाट बघू नका.

कृष्णाकाठ

डॉक्टर, बाटली बघितली. घरात 120 होतं, काल दुकानातून 250 आणलं, आणि मी दोन्ही एकच समजत होते. तुम्ही लिहिलं नसतं तर दुपारी 250 वालं दोन चमचे गेलं असतं, कारण आधीच्या बाटलीतून मी दोन चमचेच द्यायचे. सासूबाईंना खपलीचं वाचून दाखवलं. त्यांनीच मग दहीभात भरवला, सहा घास गेले.

कृष्णाकाठ (दहाव्या दिवशी)

काल खपली आपोआप सुटली, खाली गुलाबी कातडी आहे. ओठ जाग्यावर आला. फटही गेली, आता दोन्ही बाजूंनी पोळी चावते.

उजव्या बाजूची दाढ पुढच्या महिन्यात करायची आहे. त्या दिवशी अर्धी रजा टाकलीय. घरून पोटभर खाऊन जायचं, आणि परत आल्यावर मी चार तास तिच्या समोरच बसणार. हातावर पेनाने "ओठ झोपलाय" असं लिहून दे, म्हणजे मला आठवेल, असं तीच म्हणाली.