अनुभव धागा : माहीत असूनही फसलात, असं कधी झालंय?

परवा भुसावळ स्टेशनात गाडी थांबली. नवरा पाण्याची बाटली घ्यायला उतरला. खिडकीतून शेजारच्या रुळावरच्या गाडीकडे बघत होते, तर आमचीच गाडी सुटली! धावत दाराशी गेले. फलाटावर हा निवांत सुट्टे मोजतोय. हलली होती ती शेजारची. अख्खी खिडकी सरकताना दिसली की मेंदू म्हणतो, आपणच निघालो. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला एकसारखी संथ गती कळतच नाही, मग हरकत घेणार कोण? लहानपणापासून तिथेच फसतेय. तुमचेही किस्से येऊ द्या. भुताखेताचे नकोत.

यावल : शेतात भरीत पार्टी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, त्यात ठेचलेल्या हिरव्या मिरच्या. पुण्याचा पाहुणा घामाघूम, "तोंड भाजलं हो!" आम्ही हसलो, पण मेंदूच्या हिशेबानं तो खरंच बोलत होता. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमका तोच ग्राही (नसेवरचं संवेदना टिपणारं दार) उघडतं, जो एरवी ४३ अंशांच्या आसपासच्या उष्णतेनं उघडतो. तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल (विभागून) मिळालं. पाहुण्याला दही मिळालं.

अमळनेर : मे महिन्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं, ते यात धरायचं का? मी मोबाइलवर फोटो काढला, त्यातही दिसतंय. म्हणजे प्रकाशच तापलेल्या हवेतून वाकून येतो, डोळ्याचा दोष नाही. वाकलेल्या आभाळाला 'पाणी' म्हणणं तेवढं आपलं.

चोपडा : कोरोनात वास गेला. काळ्या मसाल्याची शेवभाजी म्हणजे नुसतं तिखट, खारट, गरम पाणी. तिखटपणाची नस वेगळी, ती शाबूत होती. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ती बहुतेक नाकातच असते.

धुळे : साखरेमुळे आप्पांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा तशीच राहिली. रात्री दोन-दोनला हाक यायची, "पायले खाज सुटनी!" आम्ही पोरं समजावायचो की आप्पा, पाय नाही आता. ते चिडायचे, "माले काय माहीत नई?" मोठी माय मात्र उठायची आणि चादरीवर, जिथे घोटा असता तिथे, बोटांनी खाजवायची. आप्पा बघत राहायचे. "थोडं खाले," म्हणायचे. ती खाली सरकायची.