मोठ्या भावाला दारूच्या उपचारासाठी तयार करायचे आहे. घरच्यांची बैठक कशी घ्यावी?

प्रश्न : धाकटा भाऊ, घाटंजी तालुका

नमस्कार. आमची कोरडवाहू शेती मोठे भाऊ पाहतात. पूर्वी ते बाजाराच्या दिवशी किंवा लग्नकार्यात दारू घेत असत. आता मात्र सकाळी उठल्याबरोबर मोहाची दारू घेतल्याशिवाय त्यांच्या हातांचा कंप थांबत नाही. कापसाचा चुकारा आला की त्यातला मोठा भाग उधारी फेडण्यात जातो आणि वहिनी दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला जाऊन घर चालवतात. दवाखान्याचे नाव काढले की भाऊ म्हणतात, "मी का पागल आहो?"

पोळ्याला सर्व नातेवाईक गावात येणार आहेत. त्या वेळी सरपंचांसह सर्वांनी त्यांना समोर बसवून समज द्यावी आणि तरीही ते ऐकले नाहीत तर चार जणांनी गाडीत घालून केंद्रात नेऊन सोडावे, असा मामांचा बेत आहे. आतेभाऊ जेवणात मिसळायची गोळी आणून देतो म्हणतात. मला हे पटत नाही, परंतु दुसरा मार्गही सुचत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : परिचारिका, वर्धा जिल्हा

दादा, बैठकीच्या आधी एक गोष्ट घरातील सर्वांना सांगा. ज्यांना सकाळी दारूवाचून कंप सुटतो, त्यांची दारू घरी एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच घाम, कंप आणि बेचैनी सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिटचे झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांना नसलेली माणसे दिसू लागतात, भान हरपते. आपल्याकडे अशा वेळी बाहेरची बाधा समजून रुग्णाला आधी मांत्रिकाकडे नेतात आणि त्यात मोलाचा वेळ जातो. वास्तविक हा काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कंप व झटके रोखणारी औषधे आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन सुरक्षितपणे पार पाडता येतो. त्यासाठी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मनोविकार विभागात जाता येईल.

आतेभावांची गोळी बहुधा डायसल्फिराम असावी. ती पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो, छातीत धडधड आणि उलट्या सुरू होतात आणि हृदय किंवा यकृत कमजोर असेल तर मृत्यूही ओढवतो. रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच ती दिली जाते. चोरून देऊ नका.

(आमच्या जिल्ह्यात अनेक दशकांपासून दारूबंदी आहे, तरी आमच्याकडे असे रुग्ण येतच असतात, त्यामुळे "गावातली दारू बंद झाली की ते सुधारतील" या आशेवर थांबू नये, असे माझे मत आहे.)

उत्तर : एक शेतकरीण, दारव्हा तालुका

भाऊ, पोळ्याचा मुहूर्त टाळा. दुसऱ्या दिवशी कर असते, गावभर दारू वाहते, आणि वीस माणसांसमोर अपमान झालेला माणूस सरळ तिकडेच जाईल. सरपंचांनाही बोलावू नका. घरच्या दुःखाची पंचायत झाली की माणूस आपली अब्रू वाचवण्यात गुंततो आणि दारूचा विषय बाजूला राहतो.

आमच्याकडे मी, सासूबाई आणि यजमानांचे एक बालमित्र, एवढेच बसलो. मित्र स्वतः दारू सोडलेले होते, म्हणून त्यांचा शब्द आमच्यापेक्षा जड होता. बैठक पहाटे, चहाच्या वेळी ठेवली, कारण दिवसभरात तेवढाच वेळ ते त्यातल्या त्यात शुद्धीत असत. काय बोलायचे ते मी आधी वहीत लिहून काढले होते. "तुम्ही संसाराची माती केली" असे काही त्यात नव्हते; "पालकसभेला तुम्ही आलात तेव्हा आपली मुलगी मागच्या दाराने निघून गेली" असे, डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच होते. दवाखान्यात आधी विचारून ठेवले होते, कपड्यांची पिशवी भरलेली होती आणि बैलांकडे कोण पाहील हेही ठरले होते, कारण "वावर कोण पाहील" हीच त्यांची पहिली सबब असणार हे मला ठाऊक होते.

शेवटी मी सांगितले की यापुढे गुत्त्याची उधारी मी फेडणार नाही आणि सोयाबीनचे पैसे माझ्या खात्यात जमा होतील. जे आपल्याला खरोखर पाळता येईल तेवढेच बोलावे. "माहेरी निघून जाईन" असे मी म्हटले नाही, कारण मी जाणार नव्हते आणि ते त्यांनाही माहीत होते.

ते काही न बोलता उठून गेले. आम्ही मागे धावलो नाही आणि उधारीही फेडली नाही. पुढे एका रात्री उलटीतून रक्त पडले, तेव्हा स्वतःच म्हणाले, "चाल वं, कुठी नेत होती तिथी ने." दवाखाना ठरलेला होता म्हणून त्याच रात्री निघता आले.

उत्तर : समुपदेशक, नागपूर

ताईंनी सांगितलेली पद्धत अभ्यासाशीही जुळते. कुटुंबाने एकत्र येऊन व्यसनी माणसाला सामोरे जाण्याची रीत १९६०च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात व्हर्नन जॉन्सन या धर्मगुरूंनी मांडली. तिच्या तुलनेत रॉबर्ट मायर्स यांची, कुटुंबीयांनाच प्रशिक्षण देण्याची पद्धत अधिक परिणामकारक ठरली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३० कुटुंबीयांना वेगवेगळ्या पद्धतींचे मार्गदर्शन देण्यात आले. मायर्स यांच्या पद्धतीने ६४ टक्के, तर जॉन्सन यांच्या पद्धतीने ३० टक्के व्यसनी माणसे उपचारापर्यंत पोहोचली. जॉन्सन गटातील बहुतेक कुटुंबे प्रत्यक्ष बैठकीपर्यंत गेलीच नव्हती, हेही लक्षात घ्यावे. मायर्स यांच्या पद्धतीत न प्यायलेल्या वेळी माणसाला जवळ करणे, प्यायल्यावर वाद न घालता बाजूला होणे, दारूचे परिणाम त्याचे त्यालाच भोगू देणे आणि त्याचे मन हलले त्या क्षणी उपचार सुचवणे, यांवर भर असतो. त्यामुळे वहिनींनी एकट्याने जरी समुपदेशन सुरू केले, तरी ते भाऊंच्या उपचाराचाच भाग ठरते. व्यसनमुक्तीची १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही टेलिमानस सेवा, दोन्ही फोनवरून निःशुल्क मार्गदर्शन देतात.

गाडीत घालून नेण्याबाबत सांगायचे तर, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार निर्णयक्षम प्रौढाला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करता येत नाही. स्वतःला किंवा इतरांना गंभीर धोका असेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (उपचाराच्या निर्णयांत रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावरून, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यानंतर, प्रथम ३० दिवसांपर्यंत दाखल करण्याची तरतूद आहे. नोंदणी नसलेल्या केंद्रात कुणालाही सोडू नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मामांना मी समजावले आहे. आई, वहिनी आणि भाऊंचे एक वर्गमित्र एवढेच बसणार आहोत. एकच शंका उरली आहे : भाऊ म्हणतात की पंढरपूरला जाऊन माळ घालतो, दवाखाना नको. काय करावे?

उत्तर : परिचारिका, वर्धा जिल्हा

माळेला विरोध करू नका, दादा. माळ घातल्यावर दारू कायमची सोडलेली माणसे आपल्याकडे आहेत, आणि तो शब्द त्यांच्या मनाचा आहे. त्यांना फक्त एवढे सांगा की आधी दवाखाना, मग पंढरपूर. कारण दारू बंद करून ते गाडीत बसले तर झटके नेमके प्रवासात येतील. त्यांना सकाळी लवकर न्या, आधार कार्ड सोबत ठेवा, आणि शेवटची दारू कधी व किती घेतली हे डॉक्टरांना न लपवता सांगा. तोवर घरी कुणीही त्यांची दारू जबरीने बंद करू नये.