आडनावं ‘शुद्ध’ करायची का? सभासद-सूचीवरून झालेला पत्रव्यवहार

प्रेषक: सभासद-सूची समिती
विषय: देवनागरी सूची आणि आडनावं

मंडळी, सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाची यंदाची सभासद-सूची देवनागरीत छापायचं कार्यकारिणीने ठरवलं. अर्ज सगळे रोमन लिपीतले, त्यामुळे नावं मराठीत उतरवून काढायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. दोन सख्ख्या भावांपैकी एक ‘पाटील’ सांगतो, दुसरा ‘पाटिल’. फडणीस आणि फडणवीस एकच की वेगळे? सहस्रबुद्धे की सहस्त्रबुद्धे? के-ए-एल-ई असं लिहिलेलं असेल तर ते काळे, काले की कळे? समितीत काहींचं म्हणणं पडलं की नियमाप्रमाणे सगळी आडनावं एकदाच शुद्ध करून टाकावीत. जाणकारांनी मत कळवावं, म्हणजे छपाईला देता येईल.

---

प्रेषक: न्यू जर्सीहून एक जुने सभासद
विषय: उत्तर: देवनागरी सूची आणि आडनावं

ताई,

छपाई थोडी थांबवा. आडनाव शुद्ध करण्याचा अधिकार समितीचा नाही, तो त्या त्या घराचा आहे. मात्र आपण लिहितो ते रूप कुठून आलं, हे घराला ठाऊक असावं असं मला फार वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पाटील. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे १४ नियम केले आणि १९७२ साली आणखी ४ जोडले. त्यांप्रमाणे मराठी अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ: पाटील, राऊत, चिटणीस. ‘पाटिल’ लिहिणारे बरेचदा म्हणतात, आमच्या जुन्या कागदात असंच आहे. जुना कागद म्हणजे बहुतेक मोडी, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळतच नसत. तेव्हा तो कागद कुठल्याच भावाच्या बाजूने साक्ष देणार नाही. हिंदीत मात्र ‘पाटिल’ हेच रूढ आहे. इंदूर, भोपाळकडे ज्यांची शाळा झाली, त्यांच्या दाखल्यावर तेच उतरलेलं असतं.

फडणीस आणि फडणवीस यांत चूक-बरोबर काही नाही. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. मराठी जिभेने त्याचं ‘नीस’ केलं आणि चिटणीस, पोतनीस, पारसनीस अशी रांगच लागली. एका घराने लांब रूप ठेवलं, दुसऱ्याने आखूड.

सहस्रबुद्ध्यांचं प्रकरण वेगळं आहे. सहस्र म्हणजे हजार. त्यात स आणि र, मध्ये त नाही. ‘स्र’ आणि ‘स्त्र’ हाताने लिहिताना सारखे दिसतात, आणि छापखान्यांनी, पाट्या रंगवणाऱ्यांनी त आत घुसवला. इथे मी त्या घराला फोन करीन, नीट समजावून सांगीन, आणि तरीही ते ‘त्र’वर ठाम असतील तर ‘त्र’च छापीन.

आता मुद्द्याचं. आपण आडनावाला फार अचल समजतो. दोनशे वर्षांपूर्वी ते तसं नव्हतं. पेशव्यांचं आडनाव भट. पद इतकं मोठं झालं की घराण्याला तेच चिकटलं. नाना फडणवीसांचं आडनाव भानू, फडणिशी हा त्यांचा हुद्दा. जोतीराव फुल्यांचं मूळ घराणं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केला म्हणून फुले. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील ही सगळी वतनाची नावं. पाटील मराठ्यांत आहेत, जैनांत आहेत, लिंगायतांत, आगरी-कोळ्यांत, मुसलमानांतही आहेत. म्हणून नव्या सभासदाचं आडनाव ऐकून ‘म्हणजे तुम्ही अमुक का?’ असं विचारणं आपल्या कार्यक्रमांतून कायमचं बंद व्हावं. विचारणाऱ्याला उत्तराने काहीच कळत नाही, आणि ज्याला विचारलं त्याच्या मनात ते वर्षानुवर्षं राहतं.

गावावरून आलेल्या आडनावांचं एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आंबडवे नावाचं गाव आहे. तिथल्या सकपाळ घराण्यातला एक मुलगा ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत पहिलीत दाखल झाला. गावावरून आडनाव व्हायला हवं आंबडवेकर. रजिस्टरमध्ये नाव आहे ‘भिवा रामजी आंबेडकर’. सकपाळ, आंबडवेकर, आंबेडकर: एका पिढीच्या आत तीन रूपं, आणि तिसरं आज जगाला माहीत आहे. त्या रजिस्टरातली नोंद पुढे कुणी ‘गावाच्या नावाशी जुळत नाही’ म्हणून दुरुस्त केली असती तर? महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात तो याच दाखल्यामुळे.

हे ‘कर’ कोकण सोडून किती लांब गेले पाहा. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, ज्यांना गावात शनवार तेली म्हणत, त्यांची आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर. केहिमकर म्हणजे आपलं अलिबागजवळचं किहीम. सिनेमातले डेव्हिड आठवतात ना? त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, गाव चौल. हीच मंडळी इस्रायलला गेली तेव्हा आडनावं हिब्रूत लिहावी लागली, आणि हिब्रूत स्वर सहसा लिहीतच नाहीत. पेणचा ‘ण’ तर तिथे नाहीच. तरी घरात म्हणताना पेणकर ते पेणकरच.

राहता राहिलं रोमन. जुन्या इंग्रजांनी कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं. म्हणून शिंद्यांचे एस-सी-आय-एन-डी-आय-ए झाले आणि गायकवाडांचे जी-यू-आय-सी-ओ-डब्ल्यू-ए-आर. शिंदे तर ग्वाल्हेरला हिंदीतही सिंधिया झाले, आणि धार-देवासच्या पवारांचे पुआर. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने रोमन लिहिण्याची हंटर यांची पद्धत घेतली. तीत ई-साठी एक आय, ऊ-साठी एक यू. आपली आजची स्पेलिंगं बहुतेक या दुसऱ्या वळणाची.

पहिलं वळण बघायचं असेल तर आपल्याला लांब जायला नको. इथून गाडीने दीड-दोन तासांवर न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावाच्या दफनभूमीत डॉ. आनंदीबाई जोशींच्या रक्षेवर दगड आहे. त्या १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, आणि त्यांची रक्षा गोपाळरावांनी इथे थिओडिसिया कार्पेंटरबाईंकडे पाठवली. या कार्पेंटरबाई आपल्याच न्यू जर्सीतल्या रोझेलच्या. आनंदीबाई आधी त्यांच्याच घरी उतरल्या होत्या. कार्पेंटरांनी आपल्या कुटुंबाच्या जागेत ती रक्षा ठेवली. त्या दगडावर जोशी हे जे-ओ-एस-एच-ई-ई असं आहे. आनंदीबाई स्वतः सही तशीच करत. दोन ई आल्यामुळे अमेरिकन माणसाला शेवटचा स्वर दीर्घ म्हणावाच लागतो. आज इथल्या कुठल्याही जोशींच्या लायसन्सवर एक आय असतो. आडनाव तेच, घरातला उच्चार तोच. पण कुणी संगणकावर ‘जोशी’ शोधताना एकच स्पेलिंग घालत बसला तर त्याला आनंदीबाई सापडणार नाहीत. घराण्याचा शोध घेणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे: अक्षरं शोधू नका, उच्चार शोधा, आणि तो जितक्या तऱ्हांनी लिहिला गेला असेल तितक्या सगळ्या तऱ्हा टाकून बघा.

के-ए-एल-ई वरून काळे की काले ते कुणालाच ठरवता येणार नाही. रोमनमधून मराठी परत मिळत नाही. म्हणून विचारावंच लागेल.

---

प्रेषक: मेरीलँडहून एक सभासद
विषय: उत्तर: देवनागरी सूची आणि आडनावं

काका,

तुमचं पत्र वाचलं आणि आमच्या गोव्याचं लिहावंसं वाटलं. आमच्या घरी हा प्रश्न रोजचा आहे.

पोर्तुगीज लिहिण्यात के जवळजवळ नव्हताच. क लिहायचा तो सीने, आणि पुढे ए किंवा इ आला की क्यू-यू ने. म्हणून काकोडकरांच्या नावात तिन्ही ठिकाणी सी, आणि केंकऱ्यांची सुरुवात क्यूने. श साठी एक्स. शेवटी अनुनासिक असेल तर एम. कामतांचं ‘कामोतीं’ झालं ते त्यामुळे. प्रभूंचे पोरोब, नायकांच्या शेवटी क्यू-यू-ई, आणि शेणवी किंवा शेणै म्हणायचो ते कागदावर ‘सिनाय’. कितीतरी घरांत सिनाय आधी आणि गावावरचं आडनाव नंतर, अशी दोन्ही जोडून येतात. बाहेरच्या माणसाला ती दोन वेगळी माणसं वाटतात.

माझे वडील पोर्तुगीज अमदानीत जन्मले, त्यांचा दाखला सीचा. धाकटे काका १९६१ नंतर शाळेत गेले, त्यांना मास्तरांनी के घातला. एका आईच्या पोटचे दोघे, एकाच घरात वाढलेले, आणि वारसाच्या कागदांवर प्रत्येक वेळी ‘हे दोघं भाऊच’ असं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. ज्यांना लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणीत वाडवडिलांचा जन्म दाखवायचा असतो, त्यांना तर मूळ दाखल्यातलं अक्षर न् अक्षर जुळवावं लागतं. गोव्यात १९९० साली नाव-आडनाव बदलण्याचा स्वतंत्र कायदाच झाला. पुष्कळांनी सीचा के करून घेतला. वडिलांनी नाही केला. त्यांचं म्हणणं, माझ्या आईने ज्या कागदावर अंगठा दिला तो कागद मी खोटा ठरवणार नाही.

तेव्हा सूचीत माझं रोमन नाव सीनेच छापा. देवनागरीत मात्र क. तिथे आमच्या घरात कुणाचाच वाद नाही.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती
विषय: उत्तर: देवनागरी सूची आणि आडनावं

काका, याच धाग्यात एक विचारून घेते. गणपतीत सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. ‘काळेंच्या मुलीने’ म्हणू की ‘काळ्यांच्या’? मागे एकदा ‘काळ्यांच्या’ म्हटलं तर प्रेक्षकांतून कुणीतरी येऊन ‘नाव नीट घ्या’ म्हणालं.

---

प्रेषक: न्यू जर्सीहून एक जुने सभासद
विषय: उत्तर: देवनागरी सूची आणि आडनावं

तुम्ही नाव नीटच घेतलंत.

काळे, गोरे, आपटे, गोखले, शिंदे ही एकारान्त आडनावं म्हणजे आदरार्थी बहुवचनं. त्यांना प्रत्यय लागला की काळ्यांच्या, गोऱ्यांकडे, आपट्यांची सून, गोखल्यांना, असंच मराठी चालत आलेलं आहे. ‘पेशव्यांचा’ म्हणताना कुणाला संकोच होत नाही आणि ‘पेशवेंचा’ कुणी म्हणत नाही. मग काळ्यांनी काय केलं? वानवडीला महादजींची समाधी आहे, तिला जुने पुणेकर शिंद्यांची छत्री म्हणतात. आता लिहिताना ‘शिंदे छत्री’. रास्त्यांचा वाडा ‘रास्ते वाडा’ झाला. प्रत्येक ठिकाणी प्रत्यय गळतोय आणि आडनाव न वळणारा ठोकळा होतंय. इथे वाढलेल्या मुलांना तर शिंदे आणि शिंद्यांची हे एकाच घराबद्दल आहे हेच कळेनासं झालंय, याचं मला खरंच वाईट वाटतं. स्टेजवर वाद नको असेल तर ‘काळे यांच्या मुलीने’ म्हणा, त्याला कुणी हरकत घेणार नाही. घरी, फोनवर, जेवणाच्या पंगतीत मात्र काळ्यांच्याच म्हणत जा.

गोव्याच्या ताई, तुमच्या वडिलांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. सूचीत हीच रीत ठेवू.

सूची समितीला माझी सूचना अशी. नवा अर्ज काढा आणि त्यात तीन रकाने ठेवा: पहिल्यात आडनाव देवनागरीत (स्वतःच्या हाताने लिहून त्याचा फोटो), दुसऱ्यात पासपोर्टवरचं रोमन, आणि तिसऱ्यात घराण्यात पूर्वी वापरलेलं दुसरं आडनाव किंवा स्पेलिंग असेल तर ते, गावासकट. तिसरा रकाना ऐच्छिक ठेवा, पण ठेवाच. ज्यांचे आई-वडील ऐंशीच्या पुढे आहेत त्यांनी आज रात्रीच भारतात फोन लावून गाव विचारून घ्यावं. ज्या घरांत देवनागरी लिहिणारं कुणी उरलेलं नाही, त्यांना मी रविवारी मराठी शाळा सुटल्यावर बसून लिहून देईन. शाळेच्या मागच्या खोलीत असतो, दुपारी एकनंतर या.