पावणेदहा नंबरचा फलाट आणि आमची चौथी ब

शाईचीदौत: काल नातीनं विचारलं, "आजी, पावणेदहा म्हणजे नऊ पंचेचाळीस ना?" आणि एकदम चौथी ब डोळ्यांपुढे आली. जिल्हा परिषदेची शाळा, पट 41. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी अर्धा तास मी हॅरी पॉटरचा मराठी अनुवाद वाचून दाखवायचे. लंडनच्या किंग्ज क्रॉसचा 9¾ नंबरचा फलाट आला आणि पोरं अडली. फळ्यावर लिहिलं, म्हटलं, पावणेदहा! तर अपूर्णांक दिसला की खिडकीबाहेर बघणारा मागच्या बाकावरचा एकजण म्हणतो, "मंग बाई, त्यो नऊ आन् धाच्या मधी, पर धाला खेटून आसंल." संख्यारेषा आठवडाभर घसा फोडून शिकवत होते हो मी!
तुमच्या वर्गात कुणी वाचली का अशी पुस्तकं?

रिमझिम: आमच्या बाईंनी नार्निया सांगितलेलं, कपाटातून बर्फात जातात ते. घरी येऊन गोदरेजच्या कपाटात शिरले. आईच्या साड्या, डांबरगोळ्या आणि मग धपाटा.

मु_पो_कोकण: डांबरगोळ्या, हाहा. आमच्याकडे ट्रंक होती, त्यामुळे वाचलो.

तिखटमीठ: माझ्या तिसरीच्या वर्गात चेटकिणीची गोष्ट चालू होती. दुसऱ्या दिवशी एक वडील दारात, "पोरांना जादूटोणा शिकवता का?" म्हटलं बसा, ऐका. बसले. दहा मिनिटांत घोरायला लागले. तक्रार परत आली नाही.

पाटीपेन्सिल: नशीबवान आहात. आमचे मुख्याध्यापक, "आधी पोर्शन संपवा." संपतोय कधी!

धुक्यातली_सई: इकडे इंग्लंडात मार्चच्या पहिल्या गुरुवारी वर्ल्ड बुक डे. पोरं पुस्तकातलं पात्र होऊन शाळेत जातात, एक पौंडाचं टोकनही मिळतं. आमच्या कार्टीनं आदल्या रात्री नऊला सांगितलं. काळ्या ओढणीचा झगा, चष्मा सासऱ्यांचा. वर्गात अजून सहा हॅरी निघाले.

मु_पो_कोकण: सासरे दिवसभर काय करत होते मग?

धुक्यातली_सई: बातम्या नुसत्या ऐकल्या. म्हणाले, बरं वाटलं.

जुनंपान: लहान वर्गाला भा. रा. भागवतांची 'जाईची नवलकहाणी' वाचा. ॲलिसच, पण जाई झालेली, त्यामुळे पोरं नावापाशी अडखळत नाहीत. माझ्या दुसरीला तर उशीर झाला म्हणून पळणारा तो ससा लगेच कळला. "आमचे पप्पा पण एसटीसाठी असेच पळतात."

रिमझिम: जाई कुठे मिळेल? लेकीला हवीय. आणि चांदोबाचे जुने अंक आहेत का कुणाकडे?

पाटीपेन्सिल: विषयांतर, पण पावणेदहावरून आठवलं, पाऊणकी येते का कुणाला अजून? औटकी?

मु_पो_कोकण: औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा ना? आजोबा म्हणायचे, आंघोळ करताना.

शाईचीदौत: पाऊणकी येते मला, तीस पाऊणे साडेबावीसपर्यंत. थांबा, कुकर झाला, बंद करून येते.